पिंजऱ्याच्या दारावरचा कागद

प्रिय एल्सी,

मोपी बरी आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर तू काळजी करत पुढचं धड वाचायची नाहीस. काल सशाचं काळीज खाल्लं नि वर माझ्या अंगठ्याला चावली.

ईस्टरला तू फेरेटांच्या पिंजऱ्यावर आजाराच्या खुणांचा कागद चिकटवलास, तेव्हा मी हसलो. म्हटलं, चाळीस वर्षं या मुंगसाच्या भावंडांना बिळात सोडून ससे धरतोय नि ही पोर मला शी बघायला शिकवते! तू म्हणालीस, "दूधपाव घालून तूच त्यांची पोटं बिघडवतोस, बाबा." नि आठव्या महिन्याचं पोट घेऊन तरातरा बस पकडायला गेलीस. माझा बाप दूधपावच घालायचा. आमच्या फेरेटांची शी कायम पातळ. मला वाटायचं, देवाने यांना आतडीच तशी दिलीत.

गेल्या मंगळवारी कडी वाजली तरी मोपी बाहेर येईना. पाठ वर काढून बसलेली. शेजारचा क्लेम भिंतीवरून म्हणाला, "जंत असतील. दूधपावात ब्रँडी घाल, उरलेली इकडे दे." मी दूध कोमट केलंसुद्धा. तिने तोंड फिरवलं नि दात खायला लागली, करकर. पंजांनी तोंड घासत होती, लाळ गळ्यापर्यंत. तेव्हा तुझा कागद दिसला. वरचा अर्धा पावसाने गेलाय, खालचं वाचता आलं. दात खाते, तोंड घासते, शी डांबरासारखी काळी नाहीतर दोऱ्यासारखी बारीक: थांबू नकोस, बाबा. खाली दोन रेघा. पिंजऱ्यातलं गवत उपसून शी बघितली. काळी, चिकट.

दूध परसातल्या कोबीवर ओतलं, मोपीला शिकारीच्या पेटीत घातलं नि बस पकडली. क्लेम मागून ओरडला, "फेरेटला डॉक्टर? उद्या सशांनाही ने!" बसमध्ये सगळ्यांनी नाकं धरली.

डॉक्टरीणबाईने पोट कापून रबराचा तुकडा काढला नि वाटीत घालून माझ्यापुढे धरला. "ओळखीचा आहे का, आजोबा?" मी नाही म्हटलं.

दूधपाव बंद केलाय. आता मोपीला नि पिंजऱ्यातल्या बाकी दोघींना कच्चं मांस. शी बोटासारखी घट्ट होते. मी रोज सकाळी बघतो, क्लेम म्हणतो हा पेपर वाचत बसलाय.

ते रबर ओळखीचं होतं. बाळाच्या चोखणीचं बोंड. मुलगी झाल्याचं तुझं कार्ड आलं त्याच दिवशी घेतली होती चोखणी. सात आठवडे कोटाच्या खिशात घेऊन फिरलो. पाठवायची तर सोबत काय लिहायचं तेच सुचेना. त्याच खिशात मोपी झोपते. आता दुसरी घेतलीय, पत्र्याच्या डब्यात ठेवलीय, झाकण घट्ट लावून. रविवारी सव्वानऊच्या बसने येतो. पोरीला काय द्यायचं, कसं धरायचं, ते तू सांग. हवं तर कागद चिकटव. या वेळी वाचेन.

तुझाच,
बाबा