मेजरची शिस्त

३ जानेवारी

अखेर या घराला सोबत मिळाली, चार पायांची का होईना. नाशिकच्या शाळेतून निवृत्त होऊन छाणीच्या या गुजराती गल्लीतल्या रो-हाउसमध्ये आल्यापासून भाचा सलील तेवढा रविवारी मकरपुऱ्याहून डोकावतो, लाडू खातो, "मावशी, एकटीनं राहू नकोस" म्हणतो आणि निघून जातो. आता नाही एकटी. प्राण्यांच्या निवारा-केंद्रातून आज कुत्रा आणला. पण याला नुसता कुत्रा म्हणणं हा हत्तीला जनावर म्हणण्यासारखा प्रकार. बसला तरी डोकं माझ्या कमरेच्या वर येतं. रंग राखाडी, डोळे पिवळसर, चाल कलेक्टरची. केंद्रानं नाव ठेवलं होतं 'गोलू'. मी दारातच ते रद्द करून 'मेजर' ठेवलं.

तिथली उत्कर्षा नावाची मुलगी फार आढेवेढे घेत होती. याला अनुभवी पालक हवा म्हणे. आधीच्या घरी काय झालं ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही, आमचा प्रशिक्षक येईपर्यंत कोणताही हुकूम देऊ नका. मी विचारलं, बाराशे मुलींना एका शिट्टीत रांगेत उभं करण्याला ती अनुभव म्हणते की नाही. बिचारीनं सहीचे कागद पुढे केले. नन्सच्या छडीखाली वाढलेल्या बाईला शिस्त शिकवायला निघाली होती!

५ जानेवारी

मेजर भुंकत नाही, ओरबाडत नाही, खाताना सांडत नाही. साखळी लावली की निव्वळ गाय. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींपेक्षा सभ्य.

फक्त 'बस' म्हटलं की बसत नाही. माझ्याकडे टक लावून बघतो, मग जवळ येऊन कपाळ माझ्या पोटाला टेकवतो आणि मला हळूहळू मागे रेटतो. आज तशीच व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत जाऊन पडले. मग स्वारी समोर बसली; हाताशी टांगलेली साखळी त्याला लावली तेव्हा कुठे मला उठू दिलं. लाड, दुसरं काय.

शेजारचे किरीटभाई कुंपणावरून हसले. "टीचर, कोण कोने शीखवे छे?" म्हणाले, म्हणजे कोण कोणाला शिकवतंय. मी म्हटलं, तुमच्या स्पीकरला कोणी शिकवलं तर बरं होईल. सकाळपासून गच्चीवर ढणढण चालू आहे. उत्तरायणाची, म्हणजे इथल्या संक्रांतीची, तयारी म्हणे. पतंग उडवायला कानठळ्या बसाव्या लागतात हे मला ठाऊक नव्हतं.

८ जानेवारी

'बस'चा धडा चालू ठेवला आहे. शिकणाऱ्यापेक्षा शिकवणारी हट्टी असली पाहिजे. आज त्यानं रेटलं नाही, मनगट तोंडात धरून मला खुर्चीकडे नेलं. दात लागले नाहीत, पण सोडलंही नाही. मी बसले तेव्हा शेपूट हलवलं.

माझ्या चपला सापडत नाहीत. दोन्ही जोड.

कामवाली मंदा काम सोडून गेली. म्हणे, बाई, तापत्या दुधावर नजर ठेवावी तशी तो तुमच्यावर ठेवतो. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरी नजर आहे त्याला. पगार हातावर ठेवून दरवाजा दाखवला.

११ जानेवारी

स्पीकरबद्दल पोलिसांत तक्रार दिली. फोनवरूनच, कारण मेजर मला फाटकाबाहेर जाऊ देत नाही. पदराचं टोक दातांत धरून परत आणतो. काल मी संतापून "बस!" म्हणून ओरडले, तर असा धक्का दिला की खुर्चीच्या पाठीवर आदळले. पाठ अजून ठणकते आहे.

पोलीस येऊन गेले. किरीटभाई आता जय श्रीकृष्ण म्हणत नाहीत. सगळी गल्ली माझं दार टाळून जाते. चांगलंच झालं. शांतता.

१३ जानेवारी

उत्कर्षाचा फोन आला. मेजरच्या आधीच्या घरचा पत्ता लागला. मांडवीजवळचं घर. तात्यासाहेब म्हणून म्हातारे होते, स्मरण गेलेलं, दार उघडं दिसलं की चालू लागायचे. मुलानं त्यावर हा उपाय काढला. कामावर जाताना तो दारात उभा राहून 'बस' म्हणायचा. कुत्र्याला नव्हे, बापाला. बापाला खाली बसवून ठेवायचं हे कुत्र्याचं काम. संध्याकाळी मुलगा येऊन साखळी लावायचा, तेव्हा ते संपायचं.

म्हातारे ओरडायचे. शेजारी जमायचे. म्हणून मुलानं आणखी एक हुकूम शिकवला: 'चूप'. तो हुकूम कुत्रा कसा पाळतो हे उत्कर्षानं सरळ सांगितलं नाही. तात्यासाहेब खुर्चीतच गेले, श्वास कोंडून, एवढंच म्हणाली. हा शब्द तुम्ही त्याच्यासमोर कधी उच्चारलात का, असं दोनदा विचारलं. मी सांगितलं, असले शब्द माझ्या घरात चालत नाहीत.

ती आत्ता येऊन त्याला परत न्यायला तयार होती. मी साफ नकार दिला. बिघडलेला मिक्सर परत करावा तसा कुत्रा परत करू? आणि किरीटभाईंनी कुंपणावरून ते बघावं? ती म्हणाली, मग उद्या-परवा जमणार नाही, मांज्यानं कापलेल्या पक्ष्यांची रांग लागते, रस्त्यात दुचाकीवाल्यांचे गळेही कापतात. निदान साखळी हाताशी ठेवा. मी फोन ठेवला आणि साखळी नेऊन फाटकाच्या खुंटीला टांगली. माझा काही तात्यासाहेब झालेला नाही.

१४ जानेवारी

सकाळी चहा घेऊन व्हरांड्यात आले. त्या पोरीला खोटं पाडायचं म्हणून शांतपणे, स्पष्ट उच्चारांत म्हटलं, "मेजर, बस."

तेव्हापासून खुर्चीत आहे.

पाय हलवला की उभा राहतो. आता दात लागतात. मनगटावरचं रक्त पदरानं पुसते आहे. वही मांडीवर होती म्हणून लिहिते. फोन आत टेबलावर. वाजला, सलीलच असणार, तिळगूळ घ्या म्हणायला. वाजून थांबला. साखळी समोर दिसते आहे. फाटकावर.

गच्च्या माणसांनी भरल्या आहेत. सणाच्या उंधियू भाजीचा वास. मी हाका मारल्या. किरीटभाईंच्या बायकोनं वरून हात हलवला. परत ओरडले, बचाओ म्हणून. कोणीतरी म्हणालं, टीचर चिडल्या. सगळे हसले, आणि स्पीकर वाढला.

१५ जानेवारी

वासी उत्तरायण. म्हणजे आजही तेच.

रात्रभर थंडी. लुगडं ओलं आहे — लिहायची लाज वाटते. मेजर माझ्या पायांवर झोपतो. ऊब त्याचीच.

आवाज बसलाय. एकच हाक उरली असेल. गाणं बदलताना मधे क्षणभर शांत होतं. तेव्हा. प्रार्थनेच्या मैदानावर मारायची तशी, पोटातून —

मारली. किरीटभाई, म्हणून. नावानं.

ऐकलं! कठड्याशी आलेत. स्पीकर बंद केला. बघतायत. मी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे —

हसतायत. कोणीतरी त्यांच्या हातात माइक दिला —

साऱ्या गल्लीला ऐकू जातंय — "अरे टीचर, आजे तो तहेवार छे! आजे तो चूप —"

मेजरचे कान उभे राहिले.

मी नाही म्हटलं. मेजर, मी नाही, ते त्यांनी —

उठला. अजिबात घाई नाही. पुढचे पाय माझ्या मांडीवर — जड आहे, फार — तोंड जवळ आणतोय — मेजर, बाळा —