आपल्या शेडवर मीच गेले

आबा, तुम्ही गेल्यावर धाकट्यानं सांभाळलेली कोंबड्यांची आपली दोन्ही शेडं आता रिकामी आहेत. फौजेतून आल्यावर तुम्ही इस्लामपूरजवळच्या त्या माळावर पहिलं शेड उभं केलं, तेव्हा मी शाळेत होते. एकदा शेजारच्यांची पिल्लं बघून तशीच आपल्या शेडात शिरत होते, तर तुम्ही दारातच अडवलं. "कुठली घाण पायाला लावून आलीस? आदी आंगूळ कर, कापडं बदल, मग आत." मी रागानं त्या दिवशी जेवले नाही. पुढं जनावरांची डॉक्टर झाले, सरकारी नोकरीत लागले आणि आता तेच गावोगावी सांगत फिरते: दारात चुन्याचं पाणी ठेवा, बाहेरची गाडी आत घेऊ नका, नवा माल वेगळा ठेवा. लोक मान डोलावतात आणि गाडी आत घेतात.

गेल्या थंडीत शेजारच्याच शेडात कोंबड्या मरायला लागल्या. तुरे निळे पडलेले, माना टाकलेल्या. नमुने तपासून आले, बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी भोवतालच्या एक किलोमीटरमधली सगळी कोंबडी मारून पुरावी लागते, आजारी असो नाहीतर धडधाकट. आपली शेडं तर बांधाला बांध लागून. साहेब म्हणाले, "तुमच्या भावाकडं मी दुसऱ्याला पाठवतो." मी नको म्हटलं. इतरांच्या दारात मी जायचं आणि माहेरी दुसऱ्यानं, हे मला पटेना.

अंगभर पांढरे संरक्षक कपडे घातलेली आमची माणसं घेऊन मी गेले, तेव्हा धाकटा फाटकातच उभा होता. "आक्का, माझ्या कोंबड्यांस्नी काय झालंय? खात्यात, पित्यात. बघ की."

"बघितलं रे."

"मग एक गाडी तेवढी जाऊ दे. पाटणला गिऱ्हाईक ठरलंय. कुणाला कळतंय?"

पाटणच्या डोंगरात बायका दारात चार-पाच कोंबड्या पाळतात. मीठ-मिरची त्यावरच चालते. आपल्या गाडीतून रोग तिकडं गेला, तर त्यांच्याजवळ काय उरणार? मी त्याला एवढंच म्हटलं, "गाडी हलणार न्हाई." घरातली बोली तोंडात आली, पण आवाज साहेबाचा होता.

तो फाटकातून बाजूला झाला. मग म्हणाला, "मला पण ती पांढरी कापडं दे. तुमची माणसं परकी. कोंबड्या भेदरत्यात. मी धरून देतो." आणि आबा, त्यानं एकेक कोंबडी पोटाशी धरून आणून दिली. मशिनीनं खड्डा खणला होता. कोंबड्या, अंडी, खाद्य, सगळं त्यात गेलं, वर चुना. धाकट्याच्या बायकोनं चहा ठेवला होता, पण त्या कपड्यांत घराच्या जवळ जाता येत नव्हतं. ती चौकटीतून बघत राहिली आणि चहा गार झाला.

रोग पुढं सरकला नाही. पाटणला काही झालं नाही, कऱ्हाडच्या बाजारात अंडी येत राहिली. जे झालंच नाही, त्याची आठवण कोण ठेवणार? शेडं धुऊन झाली, पुन्हा पिल्लं आणायची परवानगीही आली, पण धाकट्यानं आणली नाहीत. तो कऱ्हाडजवळच्या मलकापुरात एका गोदामावर राखणीला जातो. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, जेवला. निघताना म्हणाला, "आक्का, तू यायला नको हुतीस. परका आला असता तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या."

हे मी आईला सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिते आहे, आणि हा कागद कुठं जाणार नाही हे मला ठाऊक आहे. सभेत कुणी विचारलं तर सांगते, नीट शिजवून खा, भिऊ नका. ते खरंच आहे. पण माझ्या घरात तेव्हापासून अंडं आलेलं नाही. पोरं विचारतात, तर मला पित्त होतं म्हणून सांगते.