तिखाडीच्या तेलाची बाटली

विधवा सून गोपिकाचं दुसरं लग्न चंपतरावांनीच जुळवलं. पण ती निघायच्या वेळी सासरेच घरात नव्हते. दारात भाऊ रिक्षा घेऊन थांबलेला. तिने घाईत चिठ्ठी लिहिली :

"मामाजी, खूप वाट पाहिली. तिखाडी गवताचं तेल कोनाड्यात आहे. नुसतं लावाल तर आग होईल. कोमट तिळाच्या तेलात चार थेंब टाका अन् गुडघ्याले चोळा. तुमचे लेक जंगलातल्या भट्टीवर हेच तेल काढत. घरी आले का अंगाले गुलाबावानी वास यायचा. बाटली मी नेणार होती. पण तिथं त्या वासाचं कोणाले सांगू? तुमच्यापाशीच राहू द्या.
तुमची सून"

रिक्षा कोपऱ्यावर वळली, तेव्हा पानठेल्याआड चंपतराव उभे दिसले. तिने हात जोडले. ते पाठमोरे झाले.