नातीचं माफीपत्र

प्रिय धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघाही निमूट चालतोय. आपल्या दोघींच्या ह्यांना गोळी वेळेवर देतेस ना? हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

आपली नात आज सुधारगृहातून सुटली नाही. तिने पर्स हिसकावली तेव्हा ज्या नर्सबाई पडल्या, हात मोडून बसल्या, त्यांना माफीचं पत्र लिहायला कोर्टाने सांगितलं होतं. पोरीने वहीच्या पानावर लिहिलं. मी, पस्तीस वर्षं निबंध तपासलेली शहाणी, ‘काय हे गबाळं!’ म्हणाले आणि कॉन्व्हेंटी थाटात नवं पत्र सांगून तिच्याकडून उतरवून घेतलं.

मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, “हे तुझे शब्द आहेत?” पोरीने माझ्याकडे बघून मान खाली घातली. वकील मठ्ठासारखा फाइल चाळत राहिला. “पश्चात्ताप दिसत नाही,” बाई म्हणाल्या. आणखी दोन महिने सुधारगृह! माझं डोकं भडकलं, पण त्यांचं काय चुकलं?

जाताना पोर म्हणाली, “आजी, तू भेटायला येऊ नकोस.”

तिचं पान मी फाडून टाकलं गं. एवढंच आठवतं, ‘तुम्ही पडलात तेव्हा मी वळून पाहिलं, तरी थांबले नाही.’ वाईट दिसतं म्हणून मी त्यावरच काट मारली होती.

उद्या ते वाक्य लिहून मॅजिस्ट्रेटबाईंच्या दारात उभी राहीन. नाहीच ऐकलं तर काय करू, सांग ना?

लगेच उत्तर लिही. आयुष्यभर तुझी पत्रं तपासून परत पाठवली. हे नाही तपासणार.

तुझी,
थोरली