आवार सर्पमुक्त करण्याबाबत

११ जून १९८९, रविवार. सकाळी ७.
रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. शहरातल्या पाणीगेटच्या घरात निवांतपणा नव्हता. आता रिटायर झालो, शहराबाहेर, बाजवा गावाच्या पुढे दोन बिघे जमिनीत स्वतःचं घर झालं. गच्चीवरून रिफायनरीची ज्योत दिसते. वारा तिकडून नसेल तर हवा उत्तम.

राहायला येऊन बारा दिवस. साप चार. एक न्हाणीच्या मोरीत, एक लाकडांत, दोन नुसते जाताना. शेजारचे अंबुभाई पटेल म्हणाले की इथे नाग आहे, घोणस आहे, मण्यारही आहे, तेव्हा जोईने चालजो. म्हणजे बघून चाला. त्यांचा धाकटा भाऊ घोणस चावूनच गेला. वाईट झालं. पण बघून चालणं हा उपाय नव्हे, ती शरणागती.

कौशल्याचं म्हणणं नयनाला बोलवू. नयना तिच्या बहिणीची मुलगी. फतेगंजला राहते, कॉलेजात झूलॉजी शिकवते, साप हातात धरते म्हणे. मी सांगितलं, शिर्क्यांच्या घरी भाचीला लढाईला बोलवायची पद्धत नाही. आजोबा फत्तेसिंहराव सरकारी रिसाल्यात जमादार होते. मी स्वतः एकतीस वर्षं हेडक्लार्क असलो तरी रक्त तेच.

संकल्प: एका महिन्यात आवार सर्पमुक्त. मुदत ११ जुलै.

१३ जून, मंगळवार. सकाळी ११.
पहिला विजय.
लाकडांच्या ढिगातून निघाला. सात फूट. मी पहार घेतली. पहिला घाव जमिनीवर, दुसरा बादलीवर, तिसऱ्याला सापाची कंबर मोडली. मग थांबलोच नाही. एकोणीस घाव. शेवटचे आठ-दहा तो मेल्यावरचे असावेत, पण खात्री असलेली बरी. भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत रक्त. धोतर बाद.

अंबुभाई कुंपणावरून बघत होते. म्हणाले ही धामण, हिला विष नसतं, ही उंदीर खाते, आणि ही त्यांच्या ओळखीची होती. धामण ओळखीची कशी असेल? मी म्हटलं, आज विष नाही, उद्याचं कोणी सांगावं. ते मान हलवत घरी गेले. पटलं असावं.

मुडदा फाटकाला टांगला आहे. बाकीच्यांना इशारा.

१५ जून, गुरुवार.
फाटकाला मुंग्या. वास. दूधवाला बाहेरूनच परत गेला. पोस्टमनही. कौशल्याने मुडदा काठीने काढून पुरला. इशारा पोचला असल्यास दोन दिवस पुरे आहेत.

१८ जून, रविवार. दुपारी १.
आज तलवार वापरली. आजोबांची. म्यानातून निघेना. अंबुभाईंनी म्यान धरलं, मी मूठ. निघाली तेव्हा दोघेही पडलो.

साप कोंबड्यांच्या खुराड्यामागे होता. बारीक, तपकिरी. मी पवित्रा घेतला आणि आडवा वार केला. वार अत्यंत साफ. एकाच झटक्यात मान वेगळी. मान कोंबडीची होती, ती ऐन वेळी मध्ये आली. मान तिथेच, धड मात्र अंगणभर पळालं. कौशल्याच्या लुगड्यावर, तुळशीवर, माझ्या चष्म्यावर रक्त. चष्मा पुसेपर्यंत साप गेला.

कौशल्याने विचारलं, आता पाच राहिल्या, त्या रोज एक याप्रमाणे की एकदम? तिला प्रसंगाचं गांभीर्य नाही. रस्सा मात्र चांगला झाला.

तलवार परत म्यानात जाईना. कोपऱ्यात उभी ठेवली आहे.

२५ जून, रविवार. संध्याकाळी ६.
एकेक मारण्यात वेळ जातो. शत्रूचं ठाणंच उडवायला हवं. कुंपणालगतच्या बांधात सात बिळं मोजली. प्रत्येकात रॉकेल, मग काडी.

प्लॅन शंभर टक्के यशस्वी. बिळांतून जळती जनावरं बाहेर आली. तीन लहान साप, एक घूस, काही बेडूक. घूस पेटलेल्या अंगाने सरळ लाकडांच्या ढिगात शिरली, हे प्लॅनमध्ये नव्हतं. ढीग पेटला. ढिगावरून ठिणग्या अंबुभाईंच्या गवताच्या गंजीवर. गावातले वीसेक लोक घागरी घेऊन धावले. गंजी अर्धी वाचली. माझ्या भुवया नाहीत.

त्या गडबडीत मी तिन्ही साप फावड्याने ठेचले, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

अंबुभाईंकडे माफी मागायला कौशल्या गेली. मी जाणारच होतो, पण भुवयांशिवाय बरं दिसत नाही.

२७ जून, मंगळवार.
नयना आली. लूनावरून. मी बोलावलं नव्हतं. तिने तिन्ही मुडदे उकरून पाहिले. दोन दिवड, एक कवड्या. एकालाही विष नाही. धामणीचंही तिला कळलं होतं. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. बांधावर बसून मेलेल्या दिवडीचं तोंड बोटाने बंद केलं, मग म्हणाली, "काका, तुम्ही आतापर्यंत फक्त आपल्या बाजूचेच मारलेत."

उरलेली लाकडं घरापासून लांब हलवा, बिळं बुजवा, खुराड्याला बारीक जाळी लावा, नाग दिसला तर लांब उभे राहा आणि मला निरोप पाठवा, असं तिने सांगितलं. कौशल्याने कागदावर लिहून घेतलं. मीही मान हलवली. पाहुण्यांशी वाद घालू नये.

लाकडं पुढच्या आठवड्यात हलवू. सध्या कंबर दुखते.

११ जुलै, मंगळवार.
मुदत संपली. कामाची व्याप्ती पाहता मुदतवाढ मंजूर करत आहे. नवी तारीख १५ ऑगस्ट. दिवसही शोभेलसा.

घरात उंदीर फार झाले. तांदळाचं पोतं कुरतडलं. आजोबांचा रिसाल्यातला फोटो पायापासून कंबरेपर्यंत खाल्ला. घोडा गेला, आजोबा वरचे शिल्लक. उंदीर एकदम कुठून आले कळत नाही.

१६ जुलै, रविवार. सकाळी ९ वाजून १०.
नाग. खुराड्यात. खराखुरा. फणा काढून बसला आहे, फण्यामागचा दहाचा आकडा स्पष्ट. दोन कोंबड्या मेल्या. कौशल्याने अंबुभाईंच्या पुतण्याला मोटरसायकलवरून नयनाकडे पाठवलं. ती यायला तास तरी लागेल. तोवर सगळ्यांनी लांब राहा म्हणते.

तास! फावड्याला धार केली आहे. बाहेर दहा-पंधरा माणसं जमली आहेत. परत येऊन सविस्तर लिहितो.

२९ जुलै, शनिवार. दवाखाना.
डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाईट.

सविस्तर: नाग मी मारला. हे पहिल्यांदा नोंदवतो. खुराड्याचं दार उघडून फावडं घातलं, तो फुसकारला, मी डोळे मिटून दाबलं. डोळे उघडले तेव्हा फण्याखाली दोन तुकडे झाले होते. धड खुराड्यात आपटत होतं, फळ्यांवर रक्ताचे फटकारे. लोक बघत होते. इतकी माणसं माझ्याकडे आजवर फक्त रिटायरमेंटच्या दिवशी बघत होती, आणि तेव्हाही चहा मागवला होता म्हणून.

मग मी डोकं उचललं. लोकांना विषाचे दात दाखवावेत म्हणून. अंबुभाई म्हणाले, साहेब, मूकी दो. म्हणजे ठेवून द्या. मी म्हटलं, मेलेल्याला काय भ्यायचं.

डोकं चावलं. उजव्या हाताची तर्जनी. चावून धरूनच बसलं. मी हात झटकला तसं ते आणखी दाबायला लागलं. कौशल्या चुलीवरचा चिमटा घेऊन आली, एका हाताने माझं मनगट धरलं, दुसऱ्याने जबडा उचकटला. मी मात्र भाषण चालू ठेवलं होतं, की डोकं तुटलं की विष संपतं. मग ब्लेड मागितलं आणि बोटावर दोन चिरा दिल्या. बोट सोलून निघालं. हे करू नये असं डॉक्टर म्हणतात. तुटलेलं डोकं तासभरसुद्धा चावू शकतं, असंही म्हणतात. माहिती उपयुक्त आहे.

दहाएक मिनिटांत पापण्या मिटायला लागल्या. अंबुभाईंनी ट्रॅक्टर काढला. त्यांची गंजी मी जाळली होती, तरी काढला. ट्रॉलीत कौशल्याने माझं डोकं मांडीवर घेतलं. रस्ताभर म्हणत होती, "माझ्याकडे बघा. दुसरीकडे कुठे बघू नका." दिसत नव्हतं, पण बघत होतो.

आता थांबतो. हात दुखतो. दुखतो तोही डावा, न चावलेला.

६ ऑगस्ट, रविवार.
तर्जनी कापली. दोन पेरं. काळी पडली होती. पेन धरायला आता मधल्या बोटाला शिकवावं लागेल.

केसपेपरवर लिहिलं आहे: मेलेल्या सापाचे डोके दाखवताना दंश. वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. कॅन्टीनवाला रोज विचारतो, केम छो साहेब, मरेलो साप करड्यो ते तमे? होय, मेलेला साप चावला तो मीच. पलीकडच्या खाटेवरचे मल्हारराव फणसे बाथरूमला जाताना नातेवाइकांना माझा पलंग दाखवतात.

२० ऑगस्ट, रविवार. घरी.
एक गोष्ट लिहायची राहिली आहे. लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं. इथे माझ्याशिवाय वाचणारं कोणी नाही, तेव्हा लिहितो.

पहिल्या दिवशी माझा श्वास थांबला. मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. म्हणून नळीला फुगा जोडून कौशल्या आणि नयना आळीपाळीने तो दाबत होत्या. नऊ तास. डॉक्टरांना आणि त्यांनाही वाटलं मी बेशुद्ध आहे. नव्हतो. पापणी हलत नव्हती, बोट हलत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. फुगा दाबला की मी होतो. दोन दाबांच्या मध्ये नव्हतो.

एकदा नयना म्हणाली, मावशी, आता थोडं पड, मी बघते. कौशल्या उठली नाही. म्हणाली, "लग्नाला चौतीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा हे माझं ऐकतायत. दाबू दे मला."

मग दोघी हसल्या. मग कौशल्या रडली, पण फुगा दाबायचं चुकली नाही. मला सांगायचं होतं की ऐकतो आहे. सांगता आलं नाही. बोलता यायला लागल्यावर सांगता आलं असतं. तेव्हा मी डाळीत मीठ कमी आहे म्हणालो.

मी दवाखान्यात असताना या दोघींनी लाकडं हलवली, बिळं बुजवली, जाळी लावली. अंबुभाईंचा पुतण्या मदतीला होता. सात दिवसांत सगळं. १५ ऑगस्टच्या आत झालं, हे नमूद करायला हवं. तारीख मी ठरवली होती.

३ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ७.
आज पाच वाजता ओटीवर झोपाळ्यावर बसलो होतो. चहा घेत. पायरीवरून नाग वर आला. चार फूट. फणा नाही, घाई नाही. फावडं हाताच्या अंतरावर होतं.

मी पाय वर घेतले. कप तसाच हातात.  तो झोपाळ्याखाली आला आणि थांबला. कडी किरकिरली तशी मान उचलली. मी श्वास धरला. किती वेळ, माहीत नाही. चहावर साय धरली.

कौशल्या दारात आली. बघितलं. हाताने खूण केली, हलू नका. तीही हलली नाही. तो तुळशीला वळसा घालून कुंपणातून शेतात गेला.

"गेला," ती म्हणाली. "पाय खाली घ्या."

घेता येईनात. तिला सांगितलं, मुंग्या आल्या आहेत. मग सांगितलं की मुंग्या नाहीत, भीती वाटते आहे. शिवाय त्या दिवशी फुगा दाबताना ती जे बोलली ते ऐकलं होतं, हेही सांगितलं. तिने माझ्या हातातला कप घेतला, गार चहा झाडात ओतला आणि शेजारी येऊन बसली.

पाय खाली यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती बसून होती. झोपाळा तीच हलवत होती. तिचे पाय जमिनीवर होते.