चौकटीत सापडलेले शिक्षक

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर सध्या पूर्ण वाकत नाही, तेव्हा होईल तेवढा वाकलो आहे असं समज). भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम. उजवा बूट मात्र आता माझ्याकडे नाही, त्याची हकिगत पुढे येईलच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मधेच हसतेस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं.

तुला ठाऊकच आहे, विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि सातवीची समुद्रकिनाऱ्याची सहल माझ्या गळ्यात पडली. मी गणिताचा माणूस. खाजण, म्हणजे भरतीचं पाणी जिथे येऊन जातं ती चिखलाची जमीन, मी फक्त फळ्यावर काढलेली पाहिली होती. पण माझी नोकरी अजून तात्पुरती. कायम करायचं की नाही हे मुख्याध्यापिकाबाई सोमवारी सहलीच्या वह्या बघून ठरवणार. नाही म्हणायची सोयच नव्हती. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. एकोणचाळीस मुलं आणि एक समुद्र, दोघांवर एकदम लक्ष ठेवायचं कसं? त्या दिवशी मी मुलं इतक्यांदा मोजली की शेवटी मला पाहताच ती आपणहून आकडे म्हणू लागली.

वाळूवरचा भाग झकास झाला (शंख, शिंपले, कोणाची तरी एक चप्पल). मग खाजणात उतरलो. काम असं, की एक मोठी लाकडी चौकट चिखलावर ठेवायची, आतली खेकड्यांची बिळं मोजायची आणि वहीत लिहायची. भरती बाराच्या सुमारास सुरू होणार, हे वेळापत्रकात मी स्वतः पाहिलं होतं. तुझी लेक (शाळेत मला मामा म्हणायचं नाही अशी तिला सक्त ताकीद आहे) हळूच म्हणाली, "सर, ही उद्याची ओळ आहे. आज पाणी अकराला फिरतं." मी तिला सगळ्यांसमोर गप्प बसवलं. गणिताच्या शिक्षकाला ओळ दाखवते म्हणजे काय!

सव्वाअकराला पाणी आलं. गाजावाजा न करता गवताच्या बुंध्यांतून येतं गं ते, आधी कळतच नाही. मुलं टुणटुण उड्या मारत बांधावर गेली. मी जाड माणूस, नेमका त्या चौकटीत गुडघ्यापर्यंत रुतलो. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल जाई. खरं सांगतो, फार घाबरलो. शेवटी बसच्या ड्रायव्हरने दोर टाकला आणि सगळ्यांनी मिळून मला ओढून काढलं. बूट तिथेच राहिला. मग मुलं मोजली, एकोणचाळीस भरली, तेव्हा कुठे मला रडू आलं. (डोळ्यांत खारं पाणी गेलं असं मुलांना सांगितलं.)

चौकटीत दिसेल आणि कानावर पडेल ते सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही, हे मुलांना मीच बजावलं होतं. त्याप्रमाणे अडतीस वह्यांत नोंद आहे: बिळं तेवीस, शिक्षक एक, हालचाल नाही. एवढं गंमत म्हणून खपून जाईल. बाकी सगळं ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. एकोणचाळिसावी वही तुझ्या लेकीची. तिने वेळा टाकल्या आहेत, पाणी कधी आलं तेही आहे आणि खाली 'सरांना सांगितले होते' असंही आहे. वही पत्रासोबत पाठवतोय. तेवढं एक पान तिच्याकडून नव्याने लिहून घे ना. माझी नोकरी जाईल गं.

आणखी एक : पाकीट बंद करता करता ते पान उलटलं. मागे लिहिलंय, 'सर रुतले होते तरी शेवटपर्यंत ओरडत होते, तुम्ही आधी जा.' वही आता पाठवत नाही. जशी आहे तशी मुख्याध्यापिकाबाईंकडे जाईल, आणि ओळ चुकली हे मीच त्यांना सांगेन. (खरं म्हणजे मी ओरडत होतो, 'तुम्ही आधी जा आणि कोणाला तरी लवकर घेऊन या.' एवढं सगळं टिपणाऱ्या मुलीने नेमकं तेवढंच का गाळलं, हे तिला विचारू नकोस.)