सदतीस नंबरची हजेरी

अमरावती
दि. २२ नोव्हेंबर २०२०

चि. सीमास,
मावशीचे अनेकानेक आशीर्वाद.

तुमच्या गावचे पुंजाजी गाडीतली संत्री उतरवून परत निघायच्या घाईत आहेत, म्हणून हे लगेच लिहिते. मोबाइलच्या काळात मावशी-भाची चिठ्ठ्या लिहितात म्हणून ते मला हसले. मी म्हटलं, पोरीचा मोबाइल माझ्यापाशी आहे, मग ती बोलणार कशावर? तुझ्या बाबांच्या फोनवर हा विषय काढता येत नाही, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

दिवाळीला जाताना, गावात नेट नाही म्हणून मोबाइल इथे ठेवून, तू सांगून गेलीस त्याप्रमाणे सगळं चाललं आहे. रोज अकराला मोबाइलवर तुझा कॉलेजचा इंग्रजीचा वर्ग जोडते, कॅमेरा बंद ठेवते, आणि सदतीस नंबर आला की प्रेझेंट सर म्हणते. पहिल्या दिवशी गंमतच झाली. मी कणीक मळत होते. सरांनी सदतीस म्हटलं आणि मी ताडकन उठून उभी राहिले! हाताला कणीक, समोर भिंत, आणि मी उभी. अकोल्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी लावलेली सवय, बसून हजेरी दिली तर ती धरतच नसत. पंचेचाळीस वर्षं झाली, पाय विसरले नाहीत.

पण तू चारच दिवस म्हणाली होतीस. आज सहावा दिवस. सरांना माझा आवाज तुझाच वाटतो, हे पाहून बरंही वाटतं आणि धास्तीही वाटते. हजेरी सक्तीची आहे असं ते रोज बजावतात. कधी येतेस ते कळव. आईच्या गुडघ्याला तेल चोळतेस ना? माणिक स्वतः चोळणार नाही.

तुझ्या बाबांना, केशवरावांना, नमस्कार सांग. आम्हा म्हाताऱ्यांवर माया असू दे.

तुझी,
कौशल्यामावशी


पिंपळखेड, ता. बार्शीटाकळी
दि. २९ नोव्हेंबर २०२०

ती. मावशीस,
सीमाचा वाकून नमस्कार.

तुझं उभं राहणं वाचून मी एकटीच इतकी हसले की आईला वाटलं मला काही झालं. आईचा गुडघा तसाच आहे, पण ती वावरात जायचं सोडत नाही.

सीतादही झाली. पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवतात ना, तोच या वर्षी आईनं माझ्या हातानं ठेवला. पण कपाशीत या साली जीव नाही गं. बोंड बाहेरून चांगलं दिसतं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. वेचायला बाया मिळत नाहीत, कारण कमी कापूस असला की त्यांनाही परवडत नाही. म्हणून मीच कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून जाते. बोटं बोंडाच्या टोकांनी सोलून निघाली आहेत.

बाबांनी काल विचारलंच, कॉलेज बंद हाय का तूच बंद पाडलं म्हणून. मी सुट्टी आहे, काही बुडत नाही असं सांगून टाकलं. मावशी, अजून दोन आठवडे सांभाळून घे. फक्त हजेरी. फार हुशारी दाखवू नकोस, नाहीतर परीक्षेत मला तुझ्याइतकं यावं लागेल!

तुझ्या लाडाला सोकावलेली,
सीमा


अमरावती
दि. ८ डिसेंबर २०२०

चि. सीमास,
खूप आशीर्वाद.

रागावू नकोस. हुशारी दाखवली. सरांनी काल एक उतारा पडद्यावर लावला, खिडकीशी बसून वाट पाहणाऱ्या एका बाईचा. सदतीस नंबरनं वाचावा म्हणाले. मी काय करणार? नेट गेल्याचं सोंग मला येत नाही. वाचला. नंतर त्यांनी विचारलं की ही बाई कोणाची वाट पाहते आहे. मी म्हणाले की सर, मला वाटतं तिलाही ते आता आठवत नाही, तिला वाट पाहायची सवय झाली आहे. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले की सीमाची या महिन्यात फार प्रगती झाली.

दिवसभर मी हवेत होते. तुला माहीत आहे, मॅट्रिकनंतर माझा कॉलेजचा फॉर्म भरून झाला होता आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं. तो फॉर्म आईनं चुलीपाशी ठेवला होता, पुढे त्याचं काय झालं कोणी सांगितलं नाही. काल संध्याकाळी मी राजकमल चौकात जाऊन दोनशे पानी वही आणली. त्यात सरांचं सगळं लिहून ठेवते आहे. तुझ्यासाठीच. निदान मी स्वतःला तसं सांगते.

कापूस महत्त्वाचा. माणिकला तुझी गरज आहे. सावकाश ये, इकडची काळजी करू नकोस.

वर्गात बसायला मिळालेली,
तुझी मावशी


पिंपळखेड
दि. १५ डिसेंबर २०२०

ती. मावशीस,
नमस्कार.

तू सावकाश ये लिहिलंस, ते वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं आणि दोन दिवस पुन्हा काढलं नाही. आज खरं लिहिते.

कापूस संपून आठ दिवस झाले. होताच किती. बाबा पऱ्हाट्या, कपाशीची वाळली झाडं, उपटायला लागले. मी घरीच आहे, आणि कापसाचं नाव सांगून बसले आहे.

दसऱ्यानंतर एके दिवशी सरांनी मलाही उतारा वाचायला लावला होता. तू बाजारात गेली होतीस. मी दोनच ओळी वाचल्या. कोणाचा तरी माईक सुरू होता. आधी एक मुलगी हसली, मग दोघं-तिघं. एकजण म्हणाला की हे इंग्रजी कोणत्या वावरात पिकतं. मी नेट गेल्याचं दाखवून बाहेर पडले. तू घरी आलीस तेव्हा मी तुला भेंडी चिरून देत होते.

तुला का नाही सांगितलं असं तू विचारशील. त्याच दसऱ्याला शेजारच्या काकूंसमोर मी इंग्रजी पेपर वाचत होते, तेव्हा तूही हसली होतीस. मायेनं हसलीस, माहीत आहे मला. पण कानाला दोन्ही हसणी सारखीच वाटली.

आता सर माझी प्रगती झाली म्हणतात. ती प्रगती घेऊन मी परत कशी येऊ? तोंड उघडलं की कळेल. मला वर्गाची भीती वाटते, आणि आता तुझ्या वाचनाचीही वाटते.

लोभ असावा असं म्हणायचं धाडस नाही. तरी असला तर असू दे.

सीमा


अमरावती
दि. २२ डिसेंबर २०२०

चि. सीमास,

आशीर्वाद देताना आज हात जड झाला आहे, तुझ्यावर रागावून नव्हे.

दसऱ्याचं हसू मला आठवलं. मी हसले होते. काकूंना वाटावं की मला किती येतं, म्हणून हसले. त्यावर आणखी लिहिणार नाही. जे लिहायचं आहे ते कालचं आहे.

काल सरांनी पंचाहत्तर टक्क्यांच्या आत हजेरी असलेल्यांची यादी वाचली. अकरा नावं. त्यांना परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही, वर्ष जाईल. शेवटचा दिवस सोमवार, अठ्ठावीस तारीख. यादीत तुझी ती बार्शीटाकळीची मैत्रीण मिस्बाह आहे, बावन्न टक्के. बिचारीनं हात जोडल्यासारख्या आवाजात सांगितलं की घरात एकच मोबाइल, भाऊ फुरकानचाही वर्ग त्याच वेळी, आणि नेट कधी येतं कधी जातं.

सर म्हणाले की सीमाचं गाव तर बार्शीटाकळीच्याही पलीकडे आहे, तिची हजेरी अठ्ठ्याण्णव टक्के कशी? ज्याला शिकायचं असतं त्याला नेट मिळतं. आणि मग त्यांनी मला विचारलं. सीमा, बरोबर आहे ना?

मी उभी होते, नेहमीसारखी. मी येस सर म्हणाले.

सीमा, मी हे का म्हणाले ते मला माहीत नाही. तुला वाचवायला म्हणाले असं लिहिणार होते, तो कागद फाडला. सर विचारतात आणि मी बरोबर उत्तर देते, याची मला गोडी लागली होती. त्या गोडीत एका पोरीचं वर्ष मी माझ्या तोंडानं बुडवलं. मिस्बाह ठीक आहे सर म्हणाली आणि बाहेर पडली.

आणि तुला सावकाश ये लिहिलं तेही त्याच गोडीपायी. तू आलीस तर माझा वर्ग संपला असता. बासष्ट वर्षांच्या बाईनं भाचीच्या जागेवर बसून राहावं, आणि भाची घरी कुढत असावी! वही कपाटात ठेवली आहे. तिच्याकडे बघवत नाही.

काय करायचं ते तू ठरव. नाव तुझं आहे. पण सोमवार जवळ आहे.

ओशाळलेली,
मावशी


पिंपळखेड
दि. २६ डिसेंबर २०२०

ती. मावशीस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मिस्बाहच्या घरी जाऊन आले. तिचे अब्बा इनायतुल्लाचाचा गाद्या-रजया भरतात, सगळ्या घरात कापसाचे पुंजके उडत होते. दारातच हलीमाबी भेटल्या. त्यांनी मला जवळ घेतलं, चहा केला, आणि म्हणाल्या की बेटी, तुले अठ्ठ्याण्णव टक्के हायेत म्हणते, आमच्या पोरीले बी थोडं शिकव ना. मावशी, तो चहा मी मान वर न करता संपवला.

मिस्बाहला सगळं आधीच माहीत होतं. तिनं मला बाजारात पाहिलं होतं, साडेअकराच्या सुमारास, डोक्यावर पिशवी घेऊन जाताना. त्या वेळी तिच्या कानात वर्ग सुरू होता आणि सदतीस नंबर उत्तर देत होता. मी विचारलं की मग सरांना काहून नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुझं नाव सांगून मले नेट भेटलं असतं काय? तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले की मी गावभर सांगत होतो, आमच्या पोरीचं कॉलेज वावरात राहून बी बुडत नाई. मग पऱ्हाट्यांकडे निघून गेले, जेवायलाही आले नाहीत.

सोबत अर्ज आहे. मराठीतच लिहिला, इंग्रजीत लिहिला असता तर पुन्हा तुझाच झाला असता. सतरा नोव्हेंबरपासूनची हजेरी माझी नाही, ती खोडा, आणि माझ्या उदाहरणावरून मिस्बाहला दोषी धरू नका, असं लिहिलं आहे. त्याचा फोटो काढून सरांना पाठव. वर्ष गेलं तर जाईल. मी स्वतःच आले असते, पण गुरुवारी आईचा गुडघा अकोल्याला दाखवायचा आहे, तिला एकटं सोडता येत नाही. ते झालं की येते.

अर्जात तुझं नाव लिहिलेलं नाही.

जशी आहे तशी तुझी,
सीमा


अमरावती
दि. ३० डिसेंबर २०२०

चि. सीमास,
पोटभर आशीर्वाद.

तुझा अर्ज चार वेळा वाचला. एक शब्द बदलावासा वाटला नाही. पण माझं नाव नसलेला अर्ज अर्धाच खरा होता. सोमवारी सकाळी फोटो पाठवला आणि अकराला वर्ग जोडला. आयुष्यात पहिल्यांदा तो कॅमेरा सुरू केला. केस विंचरून, चष्मा पुसून. सदतीस आल्यावर उभी राहिले आणि सांगितलं की सर, मी सीमा नाही. मी तिची मावशी, कौशल्या. महिनाभर हजेरी मी दिली, उतारा मी वाचला, आणि त्या दिवशी मिस्बाहबद्दल होय म्हणाले तेही मीच, ते खोटं होतं. सीमाच्या गावात नेट नाही.

मुलं हसली. हसू द्यावं लागलं. सीमा, समोरून हसू आलं की अंगाला कसं लागतं ते मला साठीनंतर कळलं. सरांनी मला बसा म्हटलं. माझ्या वयाला मान देऊन म्हणाले असतील, पण इतकं लाजिरवाणं बसा मी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. प्राचार्यांनी मिस्बाहचा फॉर्म घेतला, तिनं राहिलेल्या तासांचे स्वाध्याय लेखी द्यायचे आहेत. सर म्हणाले की तिच्यावर अन्याय झाला, आणि हे म्हणताना त्यांचाही आवाज खाली आला. तुझा फॉर्म घेतला नाही. खरी हजेरी मोजली तर तू एकेचाळीस टक्क्यांवर आहेस. जूनमध्ये याच वर्गात पुन्हा बसायचं. मी रदबदली करणार होते, केली नाही. तुझा अर्ज मला पुसायचा नव्हता.

अकोल्याहून माणिकला घरी पोचव आणि पुंजाजींच्या गाडीत बसून ये. केशवरावांना मी वेगळं पत्र लिहिते, चूक मोठ्या माणसाची होती हे त्यांना माझ्याकडून कळायला हवं. मिस्बाहलाही लिहायचं आहे. तीनदा मायना घालून थांबले, तिला काय म्हणून आशीर्वाद देऊ?

दोनशे पानी वहीत साठ पानं माझ्या अक्षरात आहेत. ती फाडलेली नाहीत. पुढची कोरी आहेत. रोज तासभर तू मोठ्यानं वाचायचं, मी पोळ्या लाटायच्या. अडखळलीस तर अडखळ. मी हसणार नाही.

आज सकाळी सवयीनं वर्ग जोडला. फक्त ऐकायला. सर हजेरी घेत होते. चौतीस, पस्तीस, छत्तीस. मी लाटणं खाली ठेवून उठले. छत्तीसनंतर त्यांनी अडतीस म्हटलं.

जरा वेळ तशीच उभी होते. मग मोबाइल बंद करून तुझ्या टेबलावर ठेवला आहे.

वाट पाहते. माया आहे, ती तशीच आहे.

तुझी,
मावशी